मार्गळीतील एक सायंकाळ

संगीताची आवड असणे आणि संगीत ऐकण्याची सवय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आवड माणसागणिक उपजते. सवय मात्र समाजाला लावावी लागते आणि मोठ्या निगुतीने राखावी लागते. एखाद्या महानगराने ती शंभर वर्षे कशी राखली, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी डिसेंबरच्या उत्तरार्धात चेन्नईस जावे.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा सौर मास म्हणजे तमिळांची मार्गळी. हा महिना लग्नकार्यांचा नव्हे, देवाचा. पहाटे मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून भजने निघतात, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत नगरातील बहुतेक सभागृहांत गायन, वादन, हरिकथा व नृत्य यांचे कार्यक्रम चालतात. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी ही संस्था उभी राहिली. तिच्या वार्षिक परिषदेभोवती इतर संस्थांचे महोत्सव जमत गेले. या संस्थांना तेथे ‘सभा’ म्हणतात. ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर १९०० सालची, म्हणजे अकॅडमीहूनही जुनी. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईची संगीतनगरी म्हणून नोंद केली. पण ही नोंद होण्यापूर्वी कित्येक दशके ते नगर तसेच होते.

एका नाताळच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकमित्र मुद्दाम या महोत्सवासाठी तेथे गेलो. आमचे कान हिंदुस्थानी पद्धतीवर पोसलेले. विलंबित ख्यालाच्या संथ बढतीची सवय असलेल्यांना कर्नाटक पद्धतीतील कृतींची लगबग प्रथम बावरून टाकते. तथापि एका दिवसात आम्ही जे पाहिले, ते केवळ रागदारीपुरते नव्हते.

तेथील सायंकाळ दुपारी दोनलाच सुरू होते. ही वेळ नवोदितांची. तिकीट नाही, दारावर अडवणूक नाही. अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी गाण्यास बसली होती. एका बाजूस व्हायोलिन, दुसऱ्या बाजूस मृदंगम्. व्हायोलिन हे मूळचे पाश्चात्त्य वाद्य. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांच्यासारख्यांनी ते आपलेसे केले आणि आज त्यावाचून तेथील मैफल बहुधा होत नाही. श्रोते असतील चाळीस-पन्नास. परंतु पहिल्या रांगेत पाच-सहा वृद्ध गृहस्थ मांडीवर हाताने ताल धरून बसले होते. मुलीने स्वरप्रस्तार करून नेमक्या जागी कृतीचा मुखडा गाठला की त्यांची मान हले. एकदा ती किंचित चुकली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी उमटली, पण उठून कोणी गेले नाही. कलावंत घडतो तो अशा आठीने आणि अशा मानेने! तिच्या वेळेचे मोल तिला दुसरे कोण सांगणार?

तेथून आम्ही एका लहानशा सभेत हरिकथा ऐकावयास गेलो. भाषा तमिळ, आम्हांस चार शब्दांपलीकडे काही कळेना. पण पूर्वरंग संपून कथा सुरू झाली आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. ती चाल साकीची होती. पुढे दिंडी आली, मग ओवी! हा योगायोग नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवा हे कीर्तनकार तंजावरास गेले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) तमिळ कथाकथनाला नवे रूप दिले, आणि मराठी कीर्तनाची वृत्ते व चाली त्यात कायमच्या रुजल्या. नारदीय कीर्तनाचा हा प्रवास आपल्याकडील कितीशा घरांस ठाऊक आहे?

हरिकथेनंतर त्याच मंचावर भरतनाट्यम् होते. आज या नृत्याचा जो क्रम रूढ आहे, तो घडविण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंस देतात, आणि हे बंधू दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) दरबारी होते. व्यंकोजीराजांपासून सुरू झालेल्या त्या भोसले घराण्याने मराठीबरोबर तेलुगू, संस्कृत व तमिळ या भाषांनाही आश्रय दिला. स्वतः सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठी माणूस परक्या मातीत काय पेरू शकतो, याचे तंजावर हे उत्तम उदाहरण होय.

सात वाजता मुख्य मैफल. तत्पूर्वी उपाहारगृह चुकविणे तेथे अरसिकपणाचे समजतात! केळीच्या पानावरचा ऊन पोंगल आणि फिल्टर कॉफी यांच्या साक्षीने ‘आज तोडी कोणाची चांगली झाली’ हा वाद रंगतो. मैफलीचा आराखडा मुख्यत्वे अरियाकुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी बसविलेला : आरंभी वर्णम्, मग लहान-मोठ्या कृती, मध्यभागी विस्ताराने मांडलेला मुख्य राग, त्यानंतर मृदंगादी तालवाद्यांचे स्वतंत्र वादन आणि शेवटी हलकी पदे. अडीच तासांत इतके वैविध्य बसते, ते या आखणीमुळे.

सारेच आदर्श आहे असे मात्र नव्हे. तालवाद्यांचे स्वतंत्र वादन सुरू होताच कित्येक श्रोते उठून बाहेर जातात. मृदंगवादकाच्या तपश्चर्येचा हा अवमान आम्हांस खटकला. दुपारच्या मैफलींत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहतात. त्याहून गंभीर प्रश्न असा की, या मंचावर कोणास जागा मिळते आणि कोणास नाही. ज्या परंपरागत नर्तकी व नादस्वरवादकांच्या घराण्यांनी ही कला शतकानुशतके सांभाळली, त्यांतील बहुतेक विसाव्या शतकात बाजूला पडली. त्याच परंपरेतील बालसरस्वती यांना १९७३ मध्ये ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान लाभला, हा अपवाद. गायक टी. एम. कृष्णा यांनी याच प्रश्नावरून २०१५ मध्ये या महोत्सवात गाणे थांबविले. २०२४ साली तोच सन्मान त्यांना जाहीर झाला तेव्हा मोठा वाद माजला. ज्या नगरात संगीतावरून असे भांडण होते, तेथे संगीत निदान लोकांच्या जिवाशी लागलेले आहे.

मैफलीच्या अखेरीस गायिकेने तुकोबांचा अभंग घेतला आणि सभागृह टाळ्यांच्या ठेक्यात सामील झाले. अभंग ही आता तेथील मैफलीतील परिचित गोष्ट आहे. अरुणा साईराम यांच्यासारख्या, मुंबईत वाढलेल्या गायिकांचा यात मोठा वाटा. आमच्या शेजारी साठी उलटलेल्या एक मामी बसल्या होत्या. त्यांच्या वहीत प्रत्येक कृतीचा राग व ताल टिपलेला होता, आणि अभंगाचे शब्द तमिळ अक्षरांत उतरवलेले होते. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांस एकच अक्षर; तरी त्यांचे उच्चार स्वच्छ, भजनी मंडळातून शिकलेले. एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी आमच्या मित्राच्या महाविद्यालयीन मुलास त्याचा अर्थ इंग्रजीत विचारला. मुलाला चाल ठाऊक होती. भ्रमणध्वनीवर त्याने ती अनेकदा ऐकली होती. शब्द मात्र त्याला सांगता आला नाही. मित्राने अर्थ सांगितला. मामींनी तो वहीत टिपून घेतला, आणि मग मुलानेही त्यांच्या वहीत डोकावून पाहिले.

हा मुलगा आपल्यांपैकी कोणाच्याही घरचा असू शकतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, कोठेही आपली मंडळे आहेत, त्यांची सभागृहे आहेत. गणेशोत्सवात नामवंत गायक बाहेरून बोलावले जातात, आणि खुर्च्यांवर दरवर्षी तेच पिकलेले केस दिसतात. मुलांस मराठी येत नाही, त्यांना कीर्तन कंटाळवाणे वाटते, ही तक्रार आपण आवडीने करतो. परंतु गावातील मुलामुलींस मंचावर अर्धा तास देऊन, त्यांचे कच्चे गाणे पहिल्या रांगेत बसून ऐकणारे वडीलधारे किती?

चेन्नईहून आणण्याजोगे काही असेल तर ती दुपारी दोनची वेळ होय. येत्या उत्सवात प्रत्येक मंडळाने मुख्य कार्यक्रमापूर्वी गावातल्याच एका मुलाची अथवा मुलीची अर्ध्या तासाची मैफल ठेवावी. अभंग असेल तर त्याचा अर्थ त्यानेच चार वाक्यांत सांगावा. आणि कार्यकारिणीच्या सभासदांनी त्या वेळी मंडपाच्या व्यवस्थेत न गुंतता समोर येऊन बसावे. खर्च एका सतरंजीचा. ताल चुकला तर कपाळावर आठी अवश्य उमटू द्यावी. मात्र जागेवरून उठू नये.