चार चाकं आहेत म्हणून खेळणं समजू नका

सुट्टीत वस्तीतून सहल निघते. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर उतरलं की पोरांची नजर जाड टायरांच्या चारचाकी गाडीवर जाते. तिला एटीव्ही म्हणतात. "आई, एकच चक्कर!" आणि आपण पैसे काढतो.

मी अपघात विभागात ड्यूटीला असताना आठेक वर्षांचा एक मुलगा आला होता. वडिलांच्या पुढ्यात बसला होता, वळणावर गाडी उलटली. बाहेरून नुसतं खरचटलेलं. पण पोट दुखतंय म्हणत होता. हँडल पोटात बसून आत प्लीहेला, म्हणजे पाणथरीला मार लागला होता. वडील एकच म्हणत होते, "सिस्टर, गाडी तर छोटी होती हो!"

इथंच आपण फसतो. पन्नास सीसीची लहान मुलांची गाडीसुद्धा शंभर किलोच्या घरात असू शकते. मूल असतं वीस-पंचवीस किलोचं. वळताना अंगाचा भार आतल्या बाजूला टाकावा लागतो, तेवढा भार मुलाकडे नसतो. गाडी उलटली तर तीच अंगावर येते. लांब सीट असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून, दुसऱ्याला बसवायला नव्हे.

पूर्वी तीन चाकांच्या एटीव्ही मिळत. त्या इतक्या उलटत की अमेरिकेत १९८८ साली त्यांची विक्री थांबवावी लागली. चार चाकं आली तरी तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, सोळा वर्षांखालच्या मुलांनी ही गाडी चालवू नये. माझंही मत तेच आहे.

तरीही मूल बसणारच असेल, तर एवढं बघा:

• गाडी मुलाच्या वयाची हवी. मोठ्यांच्या गाडीवर पुढे किंवा मागे बसवू नका.
• हनुवटीखाली पट्टा आवळलेलं, मापाचं हेल्मेट. पूर्ण बूट, लांब बाह्या, फुल पँट. चप्पल नको, ओढणी नको.
• वेग कमी ठेवणारा स्क्रू आवळलेला आहे का, विचारा. इंजिन बंद करणारी दोरी असेल तर ती मुलाच्या मनगटाला बांधा.
• सपाट, मोकळी जागा हवी. उतार, गर्दी आणि डांबरी रस्ता नको.

पडलंच तर मुलाला झटकन उचलू नका. मानेला, पाठीला मार असू शकतो. गाडी अंगावर असेल तर आधी इंजिन बंद करा, चौघांनी मिळून गाडी उचला आणि १०८ ला फोन करा. उलटी, गुंगी, पोटदुखी, पोट कडक होणं, लघवीत रक्त, यातलं एकही दिसलं तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. "झोपू दे, सकाळी बघू" म्हणू नका.

पोरगं रुसेल, रडेल. रडू द्या. भेळ खाल्ली की विसरतं. दवाखान्यातल्या रात्री मात्र आईबाप विसरत नाहीत.