पंप उचलण्याआधी बुंधा पाहा

होळी पेटून गेली, की काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात घरोघरी एकच बोलणे सुरू होते. विहिरीचे पाणी कुठवर पुरेल? आंबिया बहाराची फळे झाडावर वाटाण्याएवढी झालेली असतात. मुलीचे लग्न, मुलाची फी, सोसायटीचा हप्ता, सगळा हिशेब त्या वाटाण्यांवर मांडलेला असतो. अशा दिवसांत एखादे झाड मलूल दिसले, पान पिवळे पडले, की माणूस घाबरतो. तालुक्याला जातो, दुकानातून दोन बाटल्या आणतो आणि पंप पाठीला लावतो. पैसा जातो आणि झाड आहे तिथेच राहते.

ही चूक आमच्याही बागेत झाली, आणि एकदा नव्हे, सलग तीन उन्हाळे झाली. विहिरीजवळच्या दोन ओळींतली झाडे पिवळी पडू लागली होती. विहिरीजवळची म्हणून त्यांना पाणी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मिळे. त्यामुळे त्यांना कशाची वाण असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. आम्ही कधी किडीचे औषध मारले, कधी जस्त मारले. तिसऱ्या वर्षी वैशाखात आई चुलीसाठी वाळलेली सल वेचायला बागेत गेली. ती खाली वाकली, म्हणून तिला बुंध्याशी जमिनीलगत सालीतून आलेला डिंक दिसला. आम्ही उभ्याने शेंडे पाहत होतो, रोग पायाशी बसला होता. त्या दोन ओळींतली अकरा झाडे गेली. चौदा वर्षे लेकरासारखी वाढवलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपण करताना घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते.

हा रोग म्हणजे डिंक्या. फायटोफ्थोरा नावाची बुरशी तो आणते. ती मातीत राहते आणि पाण्याबरोबर चालते. बुंध्याला पाणी लागून साल ओली राहिली, की ती सालीत शिरते. साल तपकिरी होऊन कुजते, उभी फाटते, तिथून डिंक गळतो. जमिनीखाली तंतुमुळे कुजतात. असे मूळ चिमटीत धरून ओढले, तर वरची साल सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. मुळेच नसली तर पाणी देऊन झाड प्यावे कशाने? ते भर पाण्यात तहानलेले दिसते, शिरा पिवळ्या पडतात, आणि शेतकरी पाहतो तो त्याला आणखी पाणी देतो. आम्हीही हेच करत होतो.

म्हणून उन्हाळ्यात बागेची पहिली फेरी हातात पंप न घेता करावी. प्रत्येक झाडाशी बसून बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करावी. कलमाचा डोळा जिथे बांधला ती जागा मातीत गाडली गेली असेल, तर माती ओढून ती उघडी करावी. डोळा जमिनीपासून वीतभर, ९ इंच तरी वर हवा. नवी लागवड करणाऱ्यांनी रोपे घेतानाच हे पाहावे, आणि शक्य असेल तर जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची रोपे मागावीत. डिंक्यापुढे तो खुंट अधिक तग धरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. दांडाने पाणी सोडून एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात नेण्याची आपली जुनी सवय सोपी आहे, पण तीच रोगाची बैलगाडी आहे. आजारी झाडाचे पाणी पुढल्या निरोगी झाडाच्या पायाशी आपणच पोचवतो. त्याऐवजी दुहेरी आळे करावे. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवर मातीचा एक लहान कडा, बाहेर फांद्यांच्या सावलीच्या कडेला दुसरा. पाणी या दोन कड्यांच्या मधेच राहावे आणि प्रत्येक झाडाला वेगळे मिळावे. अन्न घेणारी मुळे तशीही बाहेरच्या अंगाला असतात. ठिबक असेल तर लागवडीच्या वर्षी बुंध्याशी टाकलेल्या नळ्या झाड मोठे झाल्यावर दूर सरकवाव्यात. कितीतरी चांगल्या बागांत हे राहून जाते. आळ्यात गवताचे आच्छादन घातले तर पाण्याची पाळी लांबते, मात्र गवत बुंध्याला टेकू देऊ नये.

जिथे डिंक दिसेल तिथे धारदार चाकूने कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी. खरवडलेले तुकडे खाली पडू न देता पोत्यावर गोळा करून जाळावेत. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने, लिटरला १० ग्रॅम या मापाने धुवावी आणि वर बोर्डो मलम लावावे. चाकू पुढल्या झाडाला लावण्याआधी त्याच पाण्यात बुडवून घ्यावा. रोग मुळांपर्यंत गेला असेल तर मेटॅलॅक्झिल व मँकोझेब यांचे तयार मिश्रण १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन आळ्यात ओतावे लागते. पण निम्म्याहून अधिक बुंधा कुजलेले झाड वाचवण्याचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. ते काढून टाकले तर शेजारची वाचतात.

बोर्डो मलम घरीच होते. १ किलो मोरचूद रात्री ५ लिटर पाण्यात भिजत घालावे. १ किलो कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोडथोड्या पाण्याने विझवून ५ लिटर करावा. सकाळी दोन्ही गार झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत काठीने ढवळावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत. लोखंडाची नकोत. मलम बरोबर झाले की नाही, हे पाहायला स्वच्छ घासलेला विळा त्यात घडीभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना घालावा. केलेले मलम त्याच दिवशी संपवावे. मिरगाचा पाऊस पडण्याआधी, मेअखेरीस, बागेतल्या प्रत्येक झाडाला, आजारी असो वा निरोगी, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत एक हात द्यावा. पावसाळा सरल्यावर पुन्हा दुसरा. हे काम आमच्याकडे घरची सर्व माणसे मिळून करतात. मुले मात्र मोरचुदापासून लांब ठेवावीत.

आता किडी. खरा त्रास काळ्या माशीचा. आंबियाच्या कोवळ्या नवतीवर ही पानाच्या खालच्या बाजूला गोल वळणात पिवळी अंडी घालते. पिल्ले काळी, काटेरी, पानाला खवल्यासारखी चिकटून रस पितात. त्यांच्या अंगातून गोड चिकटा झिरपतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते, तीच आपली कोळशी. चुलीच्या धुरात ठेवल्यासारखी बाग काळी होते, पानाला ऊन मिळत नाही आणि पुढला बहारच फुटत नाही. लोक कोळशी दिसल्यावर फवारतात. तोवर माशीचे काम झालेले असते. मार्च-एप्रिलात दर चार दिवसांनी नवती उलटून पाहावी. निम्मी अंडी फुटलेली दिसली की तीच फवारणीची वेळ. १० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात नीट फेटून घ्यावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मारावे. नोझल खालून वर धरावे, नाहीतर औषध पानाच्या पाठीवर आणि माशी पानाच्या पोटावर. तेलाची फवारणी दुपारच्या उन्हात केली तर पाने भाजतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. माशी आटोक्यात आल्यावर उरलेली काजळी मैद्याच्या पातळ खळीने सुटते. खळ सुकली की पापुद्रा होऊन काजळीसह गळते.

एप्रिल-मे तापला की कोळी येतो. पानावर राखाडी ठिपके पडून धूळ बसल्यासारखे दिसते आणि फळावर पुढे तांबूस चट्टे येतात, त्याला आपण लाल्या म्हणतो. व्यापारी असे फळ हातात घेऊन खाली टाकतो, आतला रस गोड असला तरी. गाडीवाटेच्या कडेची, धुळीत माखलेली आणि पाण्याचा ताण पडलेली झाडे तो आधी धरतो. तेव्हा पाण्याची पाळी चुकवू नये आणि कडेच्या ओळी जमेल तर साध्या पाण्याने धुवाव्यात. गंधकाने कोळी मरतो, पण ३५ अंशांच्या वर तापमान असताना गंधक पानच जाळते. जुनी मंडळी वापरत त्या डायकोफॉलवर २०२३ मध्ये बंदी आली. कोणाच्या कोठीत जुनी बाटली असेल तर ती वापरू नये. आणि सरसकट जहाल औषधे मारली की कोळी व काळी माशी खाणारे ढालकिडे व क्रायसोपा आधी मरतात. मग कोळी दुपटीने वाढतो.

साल खाणारी अळी जुन्या, दाट बागांत. खोडावर जाळी आणि भुशासारखी विष्ठा दिसली की जाळी काढून छिद्रात तार फिरवावी, पेट्रोलचा बोळा कोंबून चिखलाने बुजवावे. वाळलेली सल व पाणसोट तोडले, ऊन-वारा आत खेळू लागला, की तिचा मुक्काम मोडतो.

फवारणी करायचीच पडली तर तोंडाला रुमाल, हातात मोजे, अंगभर कपडे आणि वाऱ्याकडे पाठ, एवढे पाळावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. रिकाम्या बाटल्या घरात तेला-रॉकेलासाठी येऊ देऊ नयेत; ते काम घरच्या बाईच्या नजरेत असते, तिने खुशाल हटकावे.

एखादी खूण ओळखता आली नाही, तर पाने आणि मुठभर तंतुमुळे पिशवीत घेऊन नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रावर जावे. नुसते पान नेऊ नका, मूळही न्या.

आमच्या विहिरीजवळच्या दोन ओळी अजून मोकळ्याच आहेत. तिथे सध्या घरापुरती भाजी लावतो. आई अजूनही सल वेचायला जाते आणि येताना प्रत्येक बुंध्याला हात लावून येते.