तळ्यातली कोळंबी आणि तिचा हिशेब

मराठीत कोळंबी, कन्नडात सीगडी, गोव्यात सुंगट. नावे तीन, पण ताटात येणारा जिन्नस एकच. तो समुद्रातून आला की तळ्यातून, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. निर्यातीचे आकडे पाहताना मला हा प्रश्न पडला. २०२२-२३ साली भारताने ६३,९६९ कोटी रुपयांचा मत्स्यमाल परदेशी पाठविला. त्यातील ४३,१३५ कोटी रुपये एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे होते. ही बहुतेक कोळंबी तळ्यांत वाढविलेली असते, आणि तिच्या उत्पादनात आंध्र प्रदेश सर्वांत पुढे आहे.

तळ्यात औषध का जाते, ते आधी पाहू. थोड्या जागेत फार कोळंबी सोडली, की उरलेले खाद्य आणि विष्ठा तळाशी कुजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि रोगजंतू बळावतात. शेतकऱ्याने पिल्ले, खाद्य आणि वीज यांवर आधीच पैसा ओतलेला असतो. रोग आला तर काही दिवसांत सगळे पीक जाते. अशा वेळी कोणीतरी सुचविलेले प्रतिजैविक खाद्यात मिसळण्याचा मोह होतो. दुर्दैव असे, की १९९० नंतरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावरील तळी उद्ध्वस्त करणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूंमुळे होतो, आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालतच नाही. पैसा जातो, कोळंबी मरते, आणि जी वाचते तिच्या मांसात औषधाचा अंश राहतो.

या औषधांपैकी दोन विशेष बदनाम आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल हे एकेकाळी विषमज्वरावर सर्रास दिले जाई. क्वचित एखाद्या माणसाच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती ते बंद पाडते. म्हणून अन्नातील त्याचे अमुक प्रमाण निर्धोक, असे ठरविता येत नाही. दुसरा नायट्रोफ्युरान हा गट कर्करोगाच्या संशयावरून वर्ज्य झाला. त्याचे अवशेष मांसातील प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. धुऊन किंवा तळून ते जात नाहीत. शिवाय औषधांच्या अशा वापराने त्यांना दाद न देणारे जंतू तयार होतात, आणि ते तळ्यापुरते राहत नाहीत.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला आणि बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करण्यात आली. पण फॉर्मेलिनचा तो आरोप मासा पकडल्यानंतर तो टिकविण्याविषयीचा होता. तळ्यातील औषध मासा जिवंत असतानाच त्याच्या अंगात जाते. म्हणून डोळे, कल्ले, वास पाहून मासा ताजा आहे की नाही ते कळेल. औषध कळणार नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

युरोपियन युनियनने क्लोरॅम्फेनिकॉलसाठी ठरविलेली कसोटी २०२२ पर्यंत किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅमची होती. म्हणजे हजार टन कोळंबीत अवघा ०.३ ग्रॅम! आपल्या मालात प्रतिजैविके सापडू लागली, तेव्हा २०१६ साली युनियनने तळ्यातील भारतीय मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. माल परत आला तर वाहतूक, विमा, व्याज सारेच अंगावर येते. त्यामुळे युरोपला जाणाऱ्या कोळंबीची तळ्यातून काढण्यापूर्वीच चाचणी होऊ लागली. त्या चाचणीचा खर्च मालाच्या किमतीत बसतो.

आपल्या बाजाराचे काय? ही औषधे आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही निषिद्धच आहेत. उणीव कायद्याची नाही, साखळीची आहे. निर्यातीच्या पेटीवरून माल कोणाचा, कोणत्या तळ्यातला, हे शोधता येते. बाजारातल्या पाटीला ना बिल, ना तळ्याचा पत्ता. दोष सापडला तरी तो कोणाच्या खाती मांडायचा?

मासे खाणे सोडा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. स्वस्त आणि उत्तम प्रथिने देणारे हे अन्न आहे, आणि त्यावर हजारो घरे चालतात. परंतु परदेशी ग्राहकाने मालाची नोंद आणि चाचणी मागितली, म्हणून त्याला ती मिळाली. घाऊक बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर तळ्याचे नाव आणि चाचणीचा कागद असावा, एवढी मागणी आपणही करू शकतो. व्यापारात जे कोणी मागत नाही, ते कोणी देतही नाही.