फायबरचं बॉनेट गाडी किती हलकी करतं?

फायबर पत्र्यापेक्षा हलकं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण किती, ते आपण मोजू. पोलादी पत्र्याची घनता ७.८५, काचतंतूंची मॅट आणि रेझिन मिळून साधारण १.५. म्हणजे बॉनेटचं वजन पाचव्या हिश्श्यावर येणार? नाही ना! अशा फायबरचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम पंचविसावा हिस्सा. तो भरून काढायला जाडी वाढवावी लागते. वाकताना ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून सुमारे २.९ पट जाडी पुरते: ०.८ मिलिमीटरच्या जागी २.३. वजन मग पत्र्याच्या ५६ टक्के. दहा किलोचं बॉनेट धरलं, तर वाचले साडेचार किलो. हजार किलोच्या गाडीत!

गोव्याच्या सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ फायबरच्या अंगाची होती, पण ती तशीच आखलेली. आपल्या रोजच्या गाडीत छप्पर, खांब आणि चौकटच भार घेतात, दरवाज्यात धडक अडवणारी दांडी असते. त्यांना हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही आडवं येतं.

बॉनेटलासुद्धा बिजागरी आणि लॅचजवळ धातूची पट्टी हवीच. मेहकरहून समृद्धीवर ताशी १२० नं निघालो, की वारा बॉनेट उचलू पाहतो. लॅच सुटला तर समोरची काच झाकलीच.

वजनच कमी करायचं असेल, तर छतावरचं रिकामं कॅरियर आधी उतरवू. ते वाराही अडवतं.