नाव उलगडतं केव्हा?

शिरपुरात आर. सी. पटेल इंजिनिअरिंग कॉलेज 2001 साली निघालं आणि तीन-चार वर्षांतच करवंद नाक्याकडच्या भाड्याच्या खोल्यांत कॉम्प्युटर दिसू लागले. आमच्या खोलीत चौघांत मिळून एक होता, लिनक्स टाकलेला. प्रोग्रॅम बांधायचं 'मेक' नावाचं साधन मी त्याच्यावर शिकलो.

पहिलं कोडं डॉलरचं. मेकफाइलमधल्या आज्ञेत डॉलर आणि पुढे पाथ लिहिलं, तर पडद्यावर नुसतं ए-टी-एच. कंस नसला की मेक डॉलरपुढचं एकच अक्षर नाव म्हणून धरतं. पी नावाचं काही नव्हतंच, म्हणून ते गळालं. आज्ञा चालवणाऱ्या शेलपर्यंत डॉलर पोचवायचा तर तो दोनदा लिहायचा, हे कळायला आठवडा गेला.

मग बरोबरचं चिन्ह. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. त्यात साध्या 'बरोबर'ने किंमत तिथल्या तिथे ठरत नाही, वापराल तेव्हा दर वेळी नव्याने काढली जाते. फाइलच्या नावात चालू वेळ घातली, तर फाइल बनते एका सेकंदाच्या नावाने आणि पुढचा टप्पा तिला शोधतो दुसऱ्याच. ग्नू मेकमध्ये बरोबरआधी कोलन दिला की किंमत जागीच पक्की होते. 2012 मध्ये पॉझिक्स मानकाने त्यासाठी दोन कोलनांचं रूप नोंदवलं, 2022 च्या ग्नू मेक 4.4 मध्ये तीन कोलनांचंही आलं. शेहेचाळीस वर्षं एका चिन्हावर घासाघीस! मला त्याचं कौतुकच वाटतं.

सबमिशनला दोन दिवस होते. "काय व्हयनं रे भो?" मी विचारलं. खोलीतला मित्र बोलेना. मेकफाइलमध्ये फोल्डरच्या नावापुढे त्याने एक स्पेस देऊन टिप्पणी लिहिली होती. मेकने टिप्पणी सोडली, स्पेस ठेवली. पुसण्याच्या आज्ञेत नाव आणि पुढची तिरपी रेघ यांची फारकत झाली. रेघ एकटी उरली, म्हणजे अख्खी डिस्क. सिस्टिमच्या फाइलींना परवानगीने वाचवलं, त्याचा प्रोजेक्ट गेला. 2015 मध्ये लिनक्सवरच्या 'स्टीम' या गेम-ॲपच्या स्क्रिप्टने लोकांच्या फाइली पुसल्या, तिथे नाव रिकामं निघालं होतं. उरली तीच तिरपी रेघ. बातमी वाचताना ती खोली डोळ्यांपुढे आली.

प्रोजेक्ट गेला त्या रात्री आम्ही फोल्डरचं ते नाव चौकटी कंसात घालून छापलं. शेवटच्या अक्षरानंतर, कंस मिटायच्या आधी, एका अक्षराएवढी मोकळी जागा होती. काही पुसायच्या आधी मी आजही तसंच छापून बघतो.