अक्रम अल-हौरानी : शेतकऱ्यांचा नेता आणि लष्कराचा डाव

सीरियाच्या राजकारणात लष्कराला वाट करून देणाऱ्या नागरी नेत्यांत अक्रम अल-हौरानी यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. पुढे त्याच लष्कराने त्यांना देशोधडीला लावले.

त्यांच्या हमा शहराभोवतीची बहुतेक शेती अझ्म, बराझी, कैलानी अशा मोजक्या घराण्यांच्या मालकीची होती आणि ती कसणारी कुळे पिकाच्या वाट्यावर राबत, कर्जापायी मालकाच्या मुठीत राहत. हौरानी १९४३ मध्ये संसदेत निवडून आले. आगा आणि बेग, म्हणजे जमीनदार, यांना पुरण्यासाठी टोपली-फावडे आणा, अशी त्यांच्या अनुयायांची घोषणा असे.

संसदेत जमीनदारांचेच वर्चस्व असल्याने हौरानींनी दुसरा मार्ग धरला. बड्या घराण्यांतील मुले सैन्याच्या नोकरीला कमी लेखत, त्यामुळे होम्सच्या लष्करी प्रबोधिनीत सामान्यांच्या मुलांना जागा मिळे. तिकडे जाण्यास हौरानी तरुणांना प्रोत्साहन देत आणि अधिकाऱ्यांशी संबंध जोडत. १९४९ या एकाच वर्षी सीरियात तीन लष्करी उठाव झाले. त्यांतील तिसऱ्याचे सूत्रधार अदीब शिशकली हे हमाचेच आणि हौरानींचे जुने स्नेही असल्याने हौरानींना संरक्षणमंत्रिपद मिळाले. १९५० मध्ये त्यांनी अरब समाजवादी पक्ष काढला. परंतु शिशकलींनी पक्षांवर बंदी घातल्यावर हौरानींना लेबनॉनमध्ये आश्रय घ्यावा लागला. याच सुमारास त्यांचा पक्ष मिशेल अफलक आणि सलाह बितार यांच्या बाथ, म्हणजे अरब पुनरुत्थानवादी, पक्षात विलीन झाला. शिक्षक-विद्यार्थ्यांच्या या पक्षाला त्यामुळे शेतकऱ्यांचे पाठबळ लाभले.

शिशकलींची राजवट कोसळल्यावर परतलेले आणि १९५७ मध्ये संसदेचे अध्यक्ष झालेले हौरानी पुढच्याच वर्षी इजिप्त व सीरिया यांच्या संयुक्त अरब प्रजासत्ताकात इजिप्तचे नेते नासर यांचे उपाध्यक्ष झाले. जमीनधारणेवर बागायतीसाठी ८० आणि जिरायतीसाठी ३०० हेक्टर अशी कमाल मर्यादा घालणारा कायदा १९५८ मध्येच आला. मात्र ऐक्यासाठी पक्ष विसर्जित करावे लागल्याने आणि सत्ता कैरोत एकवटल्याने त्यांनी डिसेंबर १९५९ मध्ये राजीनामा दिला. १९६१ मध्ये सीरिया वेगळा झाला, तेव्हा त्यांनी त्या निर्णयाच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि ऐक्यवाद्यांचा कायमचा रोष ओढवून घेतला.

मार्च १९६३ च्या उठावाने बाथवादी अधिकारी सत्तेवर आले आणि तोवर बाथपासून दुरावलेल्या हौरानींना देश सोडावा लागला. १९९६ मध्ये अम्मान येथे त्यांचे निधन झाले. नव्या राजवटीने जमिनीची मर्यादा आणखी खाली आणली, म्हणजे त्यांचाच कार्यक्रम पुढे नेला; परंतु निवडणुकीने सत्ता बदलण्याची वाट मात्र बंद केली, आणि त्या वाटेवर पहिला अडथळा घालणाऱ्यांत हौरानीही होते.