टर्बाइनचा एक्झॉस्ट आधी गार का करायचा?

चाकणच्या रस्त्यावर बीएस-६ ट्रकला डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची छोटी टाकी दिसते. तिच्यात युरियाचं द्रावण असतं. गरम एक्झॉस्टमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडांचं नायट्रोजन आणि पाणी करतो.

गॅस टर्बाइनलाही हीच केमिस्ट्री लागते. पेट्रोल कारचा थ्री-वे कॅटॅलिस्ट का चालत नाही? कारण टर्बाइनच्या एक्झॉस्टमध्ये साधारण १५% ऑक्सिजन उरलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच्याशीच जळून जातो. अमोनिया मात्र ऑक्सिजन असतानाही नायट्रोजन ऑक्साइडांनाच गाठतो.

खरी अडचण तापमानाची. एक्झॉस्ट बाहेर येतो ५००-६०० अंश सेल्सिअसला. नेहमीचा व्हॅनेडियम-टायटॅनिया उत्प्रेरक ३००-४०० च्या आसपास नीट चालतो. फार वर गेलात तर अमोनियाच जळून नवे नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात (औषधानेच आजार!). फार खाली गेलात तर अमोनिया तसाच चिमणीतून निसटतो.

गार करायला बाहेरची हवा मिसळता येते, पण उष्णता फुकट जाते. मला उरणचा मार्ग पटतो. तिथल्या वायू विद्युत केंद्रात १०८ मेगावॅटच्या चार टर्बाइनांच्या एक्झॉस्टवर वाफ करून १२० मेगावॅटचे दोन संच चालवण्याची रचना आहे. म्हणजे २४० मेगावॅट, जादा इंधन न जाळता. अशा बॉयलरमध्ये वायू नळ्यांच्या एकेका थरातून टप्प्याटप्प्याने निवतो, त्यामुळे योग्य तापमानाची जागा बघून दोन थरांच्या मध्ये उत्प्रेरक बसवता येतो. भार कमी-जास्त झाला की ती जागा सरकते, उत्प्रेरक मात्र तिथेच राहतो. संशोधनासाठी प्रश्न शोधत असाल तर इथे बघा.